नाताळात परदेशी, पण कर्जाशिवाय

पहाडगंजची जुनी मराठी घरं असोत, करोल बागेतली गलाईवाली कुटुंबं असोत की नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्या, डिसेंबर जवळ आला की घरात एकच विषय निघतो: नाताळात कुठे जायचं? शेजारचे बँकॉकला निघालेले असतात. फोनवर जाहिरात येते, ‘आत्ता फिरा, पैसे नंतर द्या.’ आज याच ‘नंतर’बद्दल बोलायचं आहे.

परदेशी जाऊ नका, असं मी सांगणार नाही. दिल्लीकरांसाठी परदेश फार लांब नाहीच. विमानाने काठमांडू दोन तासांच्या आत येतं. विमान परवडत नसेल तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे बसने पोखरा. व्हिसा लागत नाही. पोखऱ्याला फेवा तलावाकाठी वर्षअखेरीची रोषणाई असते, आकाश स्वच्छ असलं तर सारंगकोटवरून हिमशिखरं दिसतात. ललितपूरच्या धोबीघाटात कॅथलिक चर्च आहे, नाताळची प्रार्थना तिथे पाहता येते.

आता हिशोब. समजा, चौघांच्या सहलीला 60,000 रुपये लागतील असं तुम्ही ठरवलंत. हा आकडा उदाहरणाचा आहे, तुमचा तुम्ही मांडा.

पहिलं घर वैयक्तिक कर्ज काढतं. वर्षाची मुदत, 16 टक्के व्याज. हप्ता सुमारे 5,440 रुपये. वर्षभरात व्याज 5,300 च्या आसपास. प्रक्रिया शुल्क 2 टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे आणखी 1,400. सहल 60,000 ची, पण घरातून गेले जवळपास 66,700.

दुसरं घर जानेवारीपासून बँकेत दरमहा 5,000 ची आवर्ती ठेव करतं. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाअखेर 60,000 वर सुमारे 2,100 रुपये जास्त हाती येतात. दोन घरांत फरक पडला 8,800 रुपयांचा. दोघांनीही महिन्याला साधारण तेवढेच पैसे बाजूला काढले. एकाने सहलीआधी काढले, दुसऱ्याने नंतर, एवढंच. आणि सहलीचं बिल क्रेडिट कार्डावर थकवलंत तर बऱ्याच कार्डांवर व्याज वर्षाला 36 ते 42 टक्के पडतं, हेही लक्षात ठेवा.

एक सूचना. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. वर्षभराच्या सहलीसाठी ती घेऊ नका, बँकेची घ्या. भिशीची आपल्याला सवय आहे, माणसं ओळखीची असतात, हे खरं. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, भिशीला नाही. आणि आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला सहलीसाठी हात लावू नका.

टूर कंपनीकडून पॅकेज घेत असाल तर बिलात टीसीएस दिसेल. 2025-26 या वर्षात दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो 5 टक्के होता, म्हणजे 60,000 वर 3,000. दर बदलतात, बुकिंगच्या दिवशीचा विचारून घ्या. हा कंपनीचा नफा नाही, तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ कर आहे. तुमच्या कराच्या नोंदीत तो दिसतो आणि विवरणपत्र भरलं की कर वजा होऊन उरलेली रक्कम परत मिळते. आपलं उत्पन्न करपात्र नाही म्हणून अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. तसं करू नका. तिकीट आणि हॉटेल स्वतः वेगवेगळं बुक केलंत तर पॅकेजचा टीसीएस लागत नाही.

तिकडे गेल्यावरची माझी चूक सांगते. एका जेवणाचं बिल 800 आलं, मी 800 भारतीय रुपये देऊन मोकळी झाले. नेपाळचा दर ठरलेला आहे: आपले 100 म्हणजे त्यांचे 160. बिल नेपाळी रुपयांत होतं, म्हणजे आपले 500. तीनशे रुपये गेले ते माझ्या न विचारण्यामुळे. तुम्ही दर वेळी विचारा, ‘आयसी की एनसी?’ भारतीय की नेपाळी, एवढाच त्याचा अर्थ.

नोटांचाही प्रश्न आहे. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नंतर नियम बदलत आले, म्हणून निघण्याआधी बँकेत चौकशी करा. शंभराच्या नोटा जवळ असल्या की अडत नाही. मार्च 2024 पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं, पण ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करावे लागतात. थायलंड, व्हिएतनामला गेलात आणि कार्ड मशीनने ‘रुपयांत द्यायचे का?’ विचारलं तर तिथलंच चलन निवडा. रुपयांत दिलं की दर सहसा महाग पडतो.

मोठ्या माणसांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्यावं. नेपाळसाठी बहुतेक प्रौढांना आधार कार्ड चालत नाही, विमानतळावरून परत यावं लागेल आणि तिकीट बुडेल ते वेगळं.

शेवटचा मुद्दा दिल्लीच्या धुक्याचा. या दिवसांत विमानं आणि गाड्या तासन् तास रखडतात. परतीनंतर एक दिवस रजेचा आणि एका रात्रीचा खर्च शिल्लक ठेवा. नाताळचाच आग्रह नसेल, तर दिल्लीच्या शाळांना सुट्टी सहसा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते. वर्षअखेरीची गर्दी ओसरली की दरही खाली येतात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. मुलांना जवळ बसवा, वहीत सहलीचा आकडा लिहा आणि त्याला बाराने भागा. येणारी रक्कम दरमहा निघत असेल तर उद्याच ठेव सुरू करा. निघत नसेल तर सहल लहान करा, किंवा एक वर्ष पुढे ढकला. पोखरा कुठे जात नाही. परत आल्यावर दाराशी हप्ता उभा नसला, की सहलीचे फोटो पाहताना बरं वाटतं.