खाणीतील जुने पाणी

दगडी कोळशाच्या खाणीतील अपघात म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे आग वा स्फोट उभा राहतो. पाण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. श्रोतेहो, धनबादजवळील चासनाला येथे 27 डिसेंबर 1975 रोजी 375 माणसे मृत्युमुखी पडली ती पाण्याने. वरच्या बाजूच्या, काम सोडून दिलेल्या पोकळीत साठलेले पाणी खालच्या चालू खाणीत अकस्मात घुसले.

कोळसा काढून झाला की ती जागा हिशेबातून जाते. जमिनीतून जात नाही. तिच्यात पाणी झिरपत राहते. म्हणूनच 1957 च्या कोळसाखाण विनियमांनी दंडक घातला होता की, पाण्याचा संशय असलेल्या जुन्या कामापासून 60 मीटरांच्या आत पुढे सरकावयाचे तर लेखी पूर्वपरवानगी हवी आणि कोळसा फोडण्याआधी समोर व बगलांना भोके पाडून पाण्याचा ठाव घेतला पाहिजे. नियम शहाणपणाचा खरा. पण हे 60 मीटर मोजावयाचे कोठून? नकाशावरील रेषेपासून. काम सोडताना कोणी अखेरची मोजणीच केली नसेल, तर रेषा खोटी आणि अंतरही खोटे. शिवाय भोके पाडण्यात दिवस मोडतात. तेवढ्या दिवसांची घट उत्पादनाच्या तक्त्यात तत्काळ दिसते. न फुटलेले पाणी कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. व्यवस्थापकाचा कस लागतो तो येथे.

या दुर्घटनेवरून सुचलेल्या 'काला पत्थर' (1979) या हिंदी चित्रपटात सारा दोष लोभी मालकाच्या माथी आहे. प्रत्यक्षात चासनालाच्या खाणीचे व्यवस्थापन 1972 पासूनच शासनाकडे होते. मालक बदलल्याने नकाशा सुधारत नाही. 2 फेब्रुवारी 2001 रोजी त्याच झरिया कोळसाक्षेत्रात, बागडिगी येथे, शेजारच्या बंद खाणीतील पाणी फुटून 29 जण बुडाले.

नोव्हेंबर 1989 मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले, तेव्हा 71 जण आत अडकले. सहा जण बुडाले. उरलेल्या 65 जणांना वरून रुंद भोक पाडून, त्यातून सोडलेल्या पोलादी पिंजऱ्यातून एकेक करून वर काढण्यात आले. अभियंते जसवंतसिंग गिल त्यासाठी स्वतः खाली उतरले होते. पृष्ठभागावरील कोणता बिंदू खालच्या कोणत्या वाटेच्या माथ्यावर येतो, हे ठाऊक असल्यावाचून असे भोक पाडता येत नाही.