कबड्डीचे धंदेवाईक संघ

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या सडकेवर न्हावरे हें गांव आहे. उत्तरेस घोडनदी, दक्षिणेस भीमा, आणि मधल्या मुलुखांत ऊस. दिवस मावळतीस झुकला म्हणजे या बाजूच्या गांवांतून अजून एक दृश्य दिसतें. शाळेच्या किंवा देवळाच्या पटांगणांत फक्की टाकून रेषा आंखल्या जातात, सात गडी इकडे, सात गडी तिकडे उभे राहतात, आणि दम घुमूं लागतो. यांत नवल असें कांहीं नाहीं. आजोबांनीं हेंच केलें, पणज्यांनींही हेंच केलें. नवल आहे तें मुलांच्या अंगावरील नारिंगी सदऱ्याचें. तो सदरा पुण्याच्या धंदेवाईक संघाचा, पुणेरी पलटणचा आहे. आणि कडेला उभा असलेला बाप आतां पूर्वींसारखें "पोरा, हातपाय मोडून घेशील" एवढेंच म्हणत नाहीं; तो विचारतो, "हा खेळ माझ्या पोराला पोसील काय?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. खेळावर पोट भरणें ही गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यास नवीन आहे, आणि जी गोष्ट नवीन असते तिच्याविषयीं एक तर भलती भीति वाटते किंवा भलती आशा वाटते. म्हणून धंदेवाईक संघ म्हणजे काय, ते कसे उभे राहिले आणि कसे मोडले, हें नीट पाहिलें पाहिजे.

या कल्पनेचें माहेर परदेशांत. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें बास्केटबॉल हा खेळ काढला. हिवाळ्यांत मुलांना घरांत खेळतां यावें एवढाच त्याचा हेतु होता. परंतु पुढें तेथें या खेळाचे संघ मालकीचे झाले, शहराशहरांत वांटले गेले, आणि १९४६ पासून चालत आलेली त्यांची मोठी स्पर्धा आज जगभर पाहिली जाते. तिकिटें, प्रक्षेपणाचे हक्क आणि जाहिराती या तीन विहिरींचें पाणी या मळ्यास मिळतें. खेळाडू हा तेथें पगारी नोकर असतो. एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे त्याची बदली होते, आणि गुडघा दुखावला तर त्याची जागा दुसरा घेतो.

हेंच रोप भारतांत लावून पाहण्यांत आलें. २०१५ सालीं यूबीए या नांवाची आठ संघांची बास्केटबॉलची धंदेवाईक स्पर्धा निघाली. तींत पुण्याचा संघ होता, त्याचें नांव पुणे पेशवाज. मुंबईचा होता, त्याचें नांव मुंबई चॅलेंजर्स. त्याच वर्षीं पंजाबचा सतनाम सिंग हा अमेरिकेंतील त्या मोठ्या स्पर्धेच्या निवडींत निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, आणि या खेळाचें भाग्य उघडलें असें पुष्कळांस वाटलें. पण ही स्पर्धा २०१७ नंतर भरली नाहीं. नांव पेशव्यांचें घेतलें, तरी तो खेळ पुण्याच्या आजूबाजूच्या गांवांना आपला वाटला नव्हता. महाविद्यालयांतून तो खेळला जात होता, परंतु ज्याच्या चुका गाड्यावर बसलेला शेतकरीही दाखवूं शकेल असा तो खेळ नव्हता. पाहणाराच नसला तर तिकीट कोण घेणार, आणि जाहिरात कोणासाठीं द्यावयाची?

कबड्डीची गोष्ट वेगळी. तिला प्रेक्षक आधींच होता. मैदान मात्र नव्हतें. महाराष्ट्रांत तिला हुतूतू म्हणत. तिचे संजीवनी, गनिमी आणि अमर असे तीन प्रकार होते. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला म्हणजे आपला गडी जिवंत होई. गनिमींत बाद झालेला गडी सारा डाव संपेपर्यंत बाहेर बसे. अमर प्रकारांत कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजले जात. गांवोगांवचे नियम निराळे असल्यामुळें दोन गांवांची गांठ पडली कीं खेळापेक्षां भांडणच अधिक रंगे. ही अव्यवस्था मोडण्याचें काम महाराष्ट्रांतील व्यायामसंस्थांनीं हातीं घेतलें. १९२३ सालीं बडोद्यास मोठी स्पर्धा झाली. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं या खेळाचें प्रात्यक्षिक दाखविलें. १९५० सालीं अखिल भारतीय मंडळ स्थापन झालें. शंकरराव तथा बुवा साळवी यांनीं तर आपलें आयुष्यच या कामीं वेंचलें. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० सालीं बीजिंग येथें हा खेळ आशियाई स्पर्धेंत पदकासाठीं खेळला गेला, आणि २०१० पासून स्त्रियांचाही समावेश झाला.

या सर्व काळांत खेळाडूस पैसा मिळे तो नोकरीच्या रूपानें. रेल्वे, पोलीस, सैन्य, बँका आणि कांहीं मोठ्या कंपन्या आपापले संघ ठेवीत. चढाई चांगली म्हणून नोकरी मिळे, आणि चढाई संपल्यावरही नोकरी राही. महाराष्ट्र शासनानेंही गुणी खेळाडूंसाठीं नोकऱ्यांत पांच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. ही व्यवस्था फार वैभवाची नव्हती, परंतु म्हातारपणास पुरणारी होती.

२०१४ सालीं चित्र पालटलें. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या पुढाकारानें प्रो कबड्डी या नांवाची धंदेवाईक स्पर्धा उभी राहिली, आणि २६ जुलै रोजीं मुंबईंत तिचा पहिला सामना झाला. संघ आठ होते. त्यांपैकीं दोन महाराष्ट्राचे: मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याची पुणेरी पलटण. २०१७ सालीं ही संख्या बारावर गेली. माती जाऊन गादी आली, दिवे आले, आणि दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यास कंटाळा येऊं नये म्हणून नियमांसही धार लावण्यांत आली. चढाईला तीस सेकंद. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरींत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीं तर चढाई करणारा बाद. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां त्यांनीं पकड केली तर एक गुण अधिक. पूर्वीं पुढें असलेला संघ रेषेवर पाय घांसून वेळ काढी, तें आतां चालेनासें झालें. लोण मात्र राहिला. सारा संघ बाद केला तर दोन गुण अधिक मिळतात. खेळाचा प्राण तोच आहे, चाल तेवढी जलद झाली.

महाराष्ट्राच्या या दोन संघांचा इतिहास चढउतारांचा आहे. यू मुंबानें पहिल्या तीनही हंगामांत अंतिम सामना गांठला. पहिल्यांदा जयपूरकडून हार खाल्ली, २०१५ सालीं बंगळूरला ३६-३० असें हरवून विजेतेपद घेतलें, आणि तिसऱ्यांदा पाटण्याकडून ३१-२८ असा निसटता पराभव पत्करला. पुणेरी पलटण पहिल्या दोन हंगामांत अगदीं तळाशीं होती. तिला डिसेंबर २०२२ मध्यें मुंबईंत अंतिम सामन्यांत जयपूरनें हरविलें. अखेर १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेंत हरियाणाला २८-२५ असें नमवून तिनें पहिलें विजेतेपद मिळविलें. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा घोडनदीपलीकडील अहिल्यानगर जिल्ह्याचा. तो आणि त्याच संघांतील आकाश शिंदे, हे दोघेही २०२३ मध्यें हांगचौ येथें आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत होते. २०२४ च्या डिसेंबरांत तर अंतिम सामना पुण्यांतच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत झाला. पण त्या दिवशीं खेळले हरियाणा आणि पाटणा, आणि चषक हरियाणानें नेला. २०२५ सालीं पलटण पुन्हा अंतिम सामन्यांत आली आणि दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. संघाचें नांव पुण्याचें असलें, तरी गडी पुण्याचाच असतो असें नाहीं. यू मुंबाच्या त्या विजेत्या संघाचा कर्णधार अनूपकुमार हरियाणाचा होता, आणि पलटणच्या विजयांत इराणच्या महंमदरेझा शादलूच्या पकडींचा मोठा वांटा होता. गडी ठरतो तो लिलावांत. लिलाव हा शब्द गुळाच्या आणि कांद्याच्या बाजारांत ऐकण्याची संवय असलेल्या कानांस तो माणसांच्या बाबतींत प्रथम कठोर वाटला, यांत आश्चर्य नाहीं. पहिल्या लिलावांत, २०१४ सालीं, सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर १२ लाख ८० हजारांची झाली. २०१८ मध्यें प्रथमच बोली एक कोटीवर गेली. २०२३ सालीं पवन सेहरावत यास २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मिळाली, आणि शादलूसाठीं पलटणनें २ कोटी ३५ लाख मोजले.

हे आंकडे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापले जातात. परंतु त्यांच्या शेजारीं एक लहानसें त्रैराशिक मांडून पाहावें. त्या वर्षीं एका संघास खेळाडूंवर पांच कोटी रुपये खर्च करण्याची मर्यादा होती. त्यांतील दोन कोटी पस्तीस लाख एकट्यासाठीं गेले, म्हणजे जवळजवळ अर्धी थैली एकाच्या पदरांत पडली. उरलेल्या दोन कोटी पासष्ट लाखांत बाकीचे सारे बसवावयाचे. संघांत कमींत कमी अठरा आणि जास्तींत जास्त पंचवीस गडी असतात. बारा संघांचे मिळून तीनशेंच्या वर कोणी जाऊं शकत नाहीं. आणि या तीनशें जागांसाठीं सारा हिंदुस्थान व शिवाय इराणसारखे परदेशही उभे आहेत. एकेका जिल्ह्यांत संध्याकाळीं दम घुमविणारीं मुलें किती, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

दुसरी गोष्ट काळाची. २०१९ च्या ऑक्टोबरांत सातवा हंगाम संपला, आणि महामारीमुळें पुढचा हंगाम २०२१ च्या डिसेंबरापर्यंत भरला नाहीं. भरला तोही बंगळूरच्या एका हॉटेलांत, प्रेक्षकांवांचून. दोन वर्षांहून अधिक काळ या धंद्यांत एकही बाजारदिवस नव्हता. ज्यांना नोकरी होती ते तगले. २०१९ सालीं पुण्यांतच आणखी एक स्पर्धा निघाली होती, पुणे प्राइड या संघासह आठ संघांची. ती एका हंगामानंतर थांबली.

स्त्रियांच्या वांट्यास तर याहून थोडें आलें. २०१६ सालीं त्यांच्यासाठीं तीन संघांची स्पर्धा झाली. त्यांतील आइस दीवाज या संघाचें नेतृत्व महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होतें. ३१ जुलै रोजीं हैदराबादेंत अंतिम सामना एका गुणानें, २४-२३ असा सुटला. खेळांत कांहीं उणें होतें असें कोणी म्हणूं शकला नाहीं. तरीही ती स्पर्धा पुढील वर्षीं भरली नाहीं. याच देशाच्या मुलींनीं हांगचौ येथें सुवर्णपदक आणि २०२५ मध्यें ढाक्यास विश्वचषक जिंकला. मुलांसाठीं जी वाट बांधली गेली तिची एक बाजू मुलींसाठीं अजून कच्चीच आहे, आणि ती तशी राहण्यास त्यांचा खेळ कारण नाहीं.

मग त्या कडेला उभ्या असलेल्या बापास काय उत्तर द्यावें? खेळूं देऊं नका, असें सांगणें अन्यायाचें होईल. अहिल्यानगरच्या मुलाच्या हातीं चषक येतो, तर शिरूरच्या किंवा दौंडच्या मुलाच्या हातीं तो येऊं नये असा कोठें लेख नाहीं. पण शाळा सोडवून मुलास मैदानावर बसविणें, हा त्याहून मोठा अन्याय होईल. चांगल्या गड्याचीं उमेदीचीं वर्षें दहा-बाराच असतात; घोटा किंवा गुडघा गेला तर तींही नाहींत. त्यानंतरचें आयुष्य चाळीस वर्षांचें असतें, आणि त्याचा लिलाव कोणी मांडीत नाहीं.

हा खेळच त्याचें उत्तर शिकवितो. चढाईस जाणारा गडी नुसता आंत गेला एवढ्यानें भागत नाहीं. दम न सोडतां मध्यरेषेपर्यंत परत आला तरच गडी शिवल्याचे त्याचे गुण धरले जातात. म्हणून जो आंत जातो तो मागची रेषा किती अंतरावर आहे हें क्षणभरही विसरत नाहीं. मुलाच्या आयुष्यांत ही रेषा म्हणजे त्याचें शिक्षण, एखादा हातचा उद्योग, जमल्यास खेळाडू म्हणून मिळणारी साधी नोकरी. ती पक्की आंखून द्यावी, आणि मग पोराला खुशाल आंत जाऊं द्यावें. तो बारा संघांपैकीं एखाद्यांत पोंचला तर गांव मिरवणूक काढील. न पोंचला, तरी संध्याकाळच्या त्या पटांगणांत कमावलेलें शरीर, धरलेला दम आणि सहा सोबत्यांच्या हातांत हात घालून उभें राहण्याची संवय, एवढी मिळकत त्याच्याजवळ राहील. तिच्यावर बोली लागत नाहीं, म्हणून ती कोणी काढूनही घेऊं शकत नाहीं.