पटाचा छकडा : चाक, धाव आणि कमान



कापसाची वेचणी आटोपत आली, तुरीच्या शेंगा वाळू लागल्या, की वऱ्हाडातील बैलांना थोडी उसंत मिळते. आणि नेमक्या याच दिवसांत गावोगाव शंकरपटाची बोलणी सुरू होतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भास ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातील घाटांत चार बैलांचा गाडा धावतो व त्याच्यापुढे घोडी असते. आपला पट निराळा. येथे दोन बैल, एक हलका छकडा आणि एक धुरकरी; धावेचा मार्ग सरळ, आणि निर्णय घड्याळावर. सेकंदाच्या लहानशा अंशाने येथे जय-पराजय ठरतो.

पट पाहावयास गेलेल्या मनुष्याचे सारे लक्ष बैलांकडे असते व ते योग्यच आहे. परंतु बैलांच्या मागे जे दोन चाकांवर धडधडत जाते, त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. आज मी त्या छकड्याविषयीच बोलणार आहे. पटासाठी छकडा बांधावयाचा झाला तर चाक कोणते घ्यावे, त्यावर धाव कोणती चढवावी, आणि कमान, म्हणजे पोलादी पाट्यांची स्प्रिंग, बसवावी की नाही, हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू. आपणांपैकी पुष्कळांच्या दारी मोटार असेल. मोटारीच्या शर्यतीसाठी गाडी सज्ज करणारा मनुष्यही प्रथम हेच तीन प्रश्न विचारतो. पण त्याचे उत्तर आणि आपले उत्तर एक नाही. आणि ते एक का नाही, हाच आजच्या भाषणाचा मुद्दा आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटार चार चाकांवर उभी असते. छकडा मात्र दोन चाकांवर उभा राहत नाही. त्याला तिसरा आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे बैलांचे खांदे. आख, धुरी व जू ही सर्व एकमेकांना ताठ जोडलेली असतात. चाक दगडावर आपटले, की तो आघात धुरीतून थेट जुवापर्यंत जातो व तेथून खांद्यावर उतरतो. मोटारवाल्याने चूक केली तर तिचे हादरे तो स्वतः सोसतो. छकड्यात निवड करणारा एक व हादरा सोसणारा दुसरा. आणि त्या दुसऱ्याला बोलता येत नाही.

आता चाक. मोठे चाक घ्यावे की लहान? मोठ्या चाकाचा गुण साध्या हिशेबाने दाखविता येतो. वाटेत दोन इंच उंचीचा दगड किंवा वाळून कठीण झालेले ढेकूळ आहे, आणि एका चाकावर १०० किलो भार आहे, असे समजा. ५ फूट व्यासाचे चाक त्यावरून चढवावयास आखापाशी सुमारे ३८ किलोंची ओढ लागते. ३ फुटांच्या चाकाला ती सुमारे ५२ किलो लागते, आणि २ फुटांच्या चाकाला ६६. आपल्या पूर्वजांनी मालाच्या बंडीस उंच चाके दिली ती काही शोभेसाठी नव्हेत. काळ्या मातीच्या भेगा, ढेकळे आणि चाकोऱ्या यांतून ओझे काढावयाचे तर उंच चाकच हवे.

मग पटासाठीही उंच चाक का नको? याचे कारण वजनाची जागा. चाकाच्या परिघावरचा एक किलो भार छकड्याच्या साट्यावरील एका किलोसारखा नसतो. साट्यावरील भाराला फक्त पुढे न्यावे लागते; परिघावरील भाराला पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. त्यामुळे वेग घेताना परिघावरचा एक किलो दोन किलोंसारखा जड भासतो. मालाची बंडी दिवसभर एका संथ चालीने जाते, म्हणून तिला हा दोष जाणवत नाही. पटात उभ्या बैलांनी काही क्षणांत भरधाव व्हावयाचे असते, तेथे तो पदोपदी जाणवतो. म्हणून पटाचे चाक मध्यम व्यासाचे असावे आणि त्याच्या परिघावर शक्य तितके कमी वजन असावे. पट जितका साफ केलेला व दाबलेला, तितके चाक लहान चालेल. पट जितका ओबडधोबड, तितके ते मोठे हवे. प्रथम जमीन पाहावी, मग चाक निवडावे. हा क्रम उलटला की पुढचे सारे चुकते.

चाकाच्या उंचीबरोबर आणखी एक गोष्ट ठरते. चाक बदलले की आखाची उंची बदलते, आणि आखाबरोबर धुरीचा उतार. भार आखाच्या पुढे पडला तर जू मानेवर दाबते. मागे पडला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि गळपट्टा बैलाच्या गळ्यात रुततो. म्हणून चाके बसविल्यावर धुरकऱ्यास त्याच्या जागी बसवावे आणि दोन माणसांनी जू हातांवर तोलून पाहावे. ते हातांवर हलकेच टेकले पाहिजे. दाबता कामा नये आणि उडताही कामा नये. या परीक्षेस पैसा लागत नाही, पण ती करणारे थोडे.

लाकडी चाकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या भाषेने चाकाचा सारा इतिहास जपून ठेवला आहे. संस्कृतातील अक्षाचा आख झाला, अराचा आरा झाला आणि युगाचे जू झाले. चाकाच्या तुंब्याला बाभूळ, आऱ्यांना तिवस, आखाला धावडा, अशी एकेका भागाची लाकडे ठरलेली असत. अकोटच्या उत्तरेस सातपुड्यात ही झाडे आहेत. धावड्याला तर इंग्रजीत आखाचे लाकूड अशा अर्थाचेच नाव आहे. लोखंडी धाव चढविण्याची युक्तीही पाहण्यासारखी असते. धाव चाकाच्या घेराहून किंचित लहान करतात आणि गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवितात. ५ फूट व्यासाची धाव ५०० अंश तापविली, तर तिचा घेर एक इंचाहून थोडा अधिक वाढतो. तेवढ्यात ती चाकावर बसवून तीवर पाणी ओततात. ती आवळते व सारे सांधे घट्ट होतात. खिळे-चुका यांनी न साधणारे काम उष्णता आणि पाणी यांनी साधते.

परंतु लोखंडाची धाव कठीण असते. ती जमिनीचा प्रत्येक उंचवटा इमानाने वर कळविते. येथे दुसरा प्रश्न येतो, तो रबराच्या धावेचा. हवेने भरलेल्या धावेचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ सालीच घेतले होते, पण ती कल्पना मागे पडली. १८८७-८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच पुन्हा शोधून काढली. हे डनलॉप व्यवसायाने गुरांचे डॉक्टर होते, ही गोष्ट आजच्या विषयात मला अर्थपूर्ण वाटते. पुढे रबरी धावेची बैलगाडी आपल्याकडे आली, तेव्हा लोकांनी तिला डनलॉप गाडी असेच नाव दिले.

हवेच्या धावेचा गुण असा, की ती खडा गिळून टाकते. आख वर न उचलता धावच तेवढ्यापुरती दबते. पण हा गुण रबराचा नव्हे, आतील हवेच्या योग्य दाबाचा आहे. १००० किलोंच्या मोटारीत प्रत्येक चाकावर २५० किलो येतात. धावेत दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब असेल, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा होतो. आता तीच धाव हलक्या छकड्याला लावून त्याच दाबाने भरली, तर चाकावर १०० किलोसुद्धा भार नसताना ती दबणार कशी? ती दगडासारखी ताठ राहते व चेंडूसारखी उडते. बाजारातील गाडीच्या धावा मोठ्या ओझ्यासाठी केलेल्या असतात. त्यांवर लिहिलेला दाब हा त्या ओझ्याचा दाब होय, आपल्या छकड्याचा नव्हे. छकड्याला हलकी, अरुंद धाव घ्यावी, आणि धुरकरी बसल्यावर तिचा तळ किंचित फुगलेला दिसेल इतकीच हवा ठेवावी. फार कमी ठेवली तर ओढ वाढते व धाव चाकावरून निसटण्याचे भय असते.

दोनतीन वर्षांपूर्वी अकोल्यापासून जवळच्या एका गावी एका तरुणाने मोठ्या हौसेने नवा छकडा आणला होता. लहान चाके, रबरी धावा, आणि त्यांत ठासून भरलेली हवा. सरावात बैल सुरेख पळाले. घड्याळही अनुकूल होते. संध्याकाळी मी एका बैलाच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो तव्यासारखा गरम. दुसऱ्या दिवशी तेथे सूज आली. तरुण मनाने वाईट नव्हता. त्याने फक्त घड्याळ पाहिले होते. आठ दिवस बैलांना विश्रांती दिली, धावांतील हवा उतरविली, जुवाखाली जाड मऊ गादी शिवली. त्यानंतर सूज आली नाही, आणि वेळेतही काही सांगण्यासारखा फरक पडला नाही.

रबरी धावेचा एक दोषही सांगितला पाहिजे. ती इतकी सहज फिरते की थांबत नाही. लोखंडी धावेची गाडी मातीत आपोआप मंदावते; रबरी धावेची गाडी बैल थांबू लागले तरी मागून ढकलीत राहते, आणि तो धक्काही जुवातून बैलांवरच येतो. म्हणून रबरी धावा घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात : छकड्याला पायाने दाबता येईल असा साधा ब्रेक आहे किंवा नाही, आणि शेवटच्या रेषेपुढे मोकळी, मऊ जमीन भरपूर सोडली आहे किंवा नाही.

राहता राहिली कमान. कमान बसविली की हादरा गेला, असा पुष्कळांचा समज असतो. मोटारीत तो बराचसा खरा आहे, कारण तेथे कमानीबरोबर तिचे झोके शमविणारे यंत्रही असते. नुसती कमान हादरा नाहीसा करीत नाही. ती त्याचे झोक्यात रूपांतर करते. त्या झोक्याचा ताल घरबसल्या मोजता येतो. भार पडल्यावर कमान १ इंच दबली, तर गाडी सेकंदास सुमारे ३ झोके घेते. ४ इंच दबली, तर सुमारे दीड. शर्यतीच्या मोटारीस ताठ कमान देतात व घरच्या मोटारीस मऊ, ती याच हिशेबाने.

छकड्यात मात्र पळणाऱ्या बैलांच्या पावलांचाही एक ताल असतो. झोपाळ्याला योग्य क्षणी लहानसा धक्का दिला तरी तो उंच जातो, हे आपण जाणतो. कमानीचा ताल पावलांच्या तालाशी जुळला, तर छकडा त्या झोपाळ्याप्रमाणे हेलकावू लागतो. धुरी वरखाली होते, आणि प्रत्येक हेलकाव्यास जू खांद्यावर आपटते. धुरकऱ्यास गादीवर बसल्याचे सुख व बैलास हातोड्याखाली आल्याचे दुःख, अशी ही कमान होय. यास्तव माझे मत असे, की पटाच्या छकड्यास कमान देऊच नये. तिचे काम योग्य दाबाच्या धावेकडून, किंचित लवणाऱ्या धुरीकडून आणि जुवाखालच्या गादीकडून करून घ्यावे. कमान द्यावयाचीच असेल, तर ती पाट्यांची, ताठ, व इंचापेक्षा अधिक न दबणारी असावी. पाट्या एकमेकींवर घासत असल्याने त्या झोका थोडाफार शमवितात.

ही सारी चर्चा कोणास क्षुल्लक वाटेल. तिला एक गंभीर बाजू आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली; १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना पुन्हा वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा ग्राह्य ठरविला. नियमांनी चाबूक, काठी व टोचणी धुरकऱ्याच्या हातून काढून घेतली आहे. हे योग्यच झाले. पण चाबकाचा वळ डोळ्यांना दिसतो. ताठ धावेचा मार कोणास दिसत नाही, आणि त्यासाठी कोणताही पंच शिटी वाजवीत नाही. तेथे पंच आपणच. पट टिकावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी ही जबाबदारी न्यायालयावर सोडू नये.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदमळणी होते. हळद आणि लोणी लावून बैलाचा खांदा प्रेमाने चोळतात, शेकतात. वर्षभराचा सारा आघात कोठे साठला आहे, हे त्या विधीने नेमके ओळखले आहे. तो हात वर्षातून एकदाच खांद्यावर न ठेवता प्रत्येक सरावानंतर ठेवावा. छकड्याची निवड बरोबर झाली की चुकली, हे घड्याळापेक्षा तो खांदा अधिक खरेपणाने सांगेल.