दीर्घश्वसन आणि निरोगी माणसाची फुप्फुसे



२०१५ सालापासून दरवर्षी २१ जून रोजी आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो. त्या दिवशी शाळांच्या पटांगणांवर मुले आणि शिक्षक दीर्घश्वसन करताना दिसतात. अशा वेळी ध्वनिक्षेपकावरून हमखास सांगितले जाते की, खोल श्वासाने फुप्फुसे मोठी होतात आणि रक्तात भरपूर प्राणवायू जातो. हेतू चांगला असला, तरी ही दोन्ही विधाने जशीच्या तशी स्वीकारता येण्याजोगी नाहीत. दीर्घश्वसनाचा लाभ आहे. पण तो निराळ्या ठिकाणी आहे.

प्राणवायूचे प्रथम पाहू. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही त्याच्या धमन्यांतील रक्त सुमारे ९५ ते ९९ टक्के प्राणवायूने संपृक्त असते. २०२०-२१ च्या कोविड साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गावोगावी पोहोचले, त्यामुळे हे आकडे आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. काठोकाठ भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतून काय साधणार?

आता आकाराविषयी. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये श्वासमापक यंत्राने दोन हजारांहून अधिक लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला असता बाहेर पडणाऱ्या हवेस त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव दिले. ती उंचीबरोबर वाढते आणि उतारवयात घटते, असे त्यांना आढळले. फुप्फुसांची वाढ साधारण विशी-पंचविशीपर्यंत पुरी होते. त्यानंतर कोणत्याही व्यायामाने नवे वायुकोश निर्माण झाल्याचे सिद्ध झालेले नाही.

मग काही आठवड्यांच्या सरावानंतर यंत्रावरील आकडा थोडा वाढलेला दिसतो, तो का? हवा आत ओढण्याचे काम फुप्फुसे स्वतः करीत नाहीत. ते श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू करतात. हे स्नायू सरावाने बळकट होतात, छाती अधिक फुलते आणि श्वास अधिक पूर्ण सुटतो. तरीही सुमारे एक ते सव्वा लिटर हवा फुप्फुसांत उरतेच. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस यंत्रात फुंकण्याचे तंत्रही माणसाला साधलेले असते! म्हणून सराव न करणाऱ्यांचा गट तुलनेस घेतल्याखेरीज अशा वाढीवर फारसा भरवसा ठेवू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, ते योगक्रिया उपकरणांच्या कसोटीवर तपासण्यासाठीच. ती शिस्त आपल्याच भूमीतील आहे.

खरा लाभ एका साध्या हिशेबात दिसतो. नाकापासून सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंतच्या मार्गात प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलीटर हवा अडकून राहते. तिचा रक्ताशी संबंध येत नाही. कोणी मिनिटाला २४ वेळा २५० मिलिलीटरचे उथळ श्वास घेतले, तर एकूण हवा ६ लिटर. परंतु वायुकोशांपर्यंत पोहोचते केवळ २.४ लिटर. नेहमीप्रमाणे ५०० मिलिलीटरचे १२ श्वास घेतले, तर ४.२ लिटर पोहोचते. तेच १००० मिलिलीटरचे ६ संथ श्वास घेतले, तर ५.१ लिटर. तिन्ही वेळी छातीत शिरलेली हवा तेवढीच, पण वाया जाणारी हवा पुष्कळच कमी. संथ दीर्घश्वसनाची ही काटकसर शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवावी. मुलांना ती चटकन पटते. संथ श्वासाने हृदयाची गती आणि मनाची धांदल तात्पुरती शांत होते, हेही अनुभवास येते.

परंतु खोल श्वास आणि भराभर श्वास यांत गल्लत होता कामा नये. वेगाने खोल श्वास घेत राहिल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडील रक्तप्रवाह कमी होतो, भोवळ येते आणि बोटांना मुंग्या येतात. पटांगणावर एवढ्यावर निभावते. विहिरीत निभावत नाही. श्वास घेण्याची निकड मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते. बुडी अधिक वेळ टिकावी म्हणून काठावर भराभर श्वास घेऊन मुलगा उडी मारतो, तेव्हा ती निकड लांबते. मात्र प्राणवायू संपतच असतो आणि पूर्वसूचना न मिळता पाण्याखालीच शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही यात दगावतो. उन्हाळ्यात विहिरी आणि तलाव मुलांनी गजबजतात, त्याआधी ग्रामसभेत आणि वर्गात ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

जेवणानंतर लगेच हा सराव करू नये. सैल कपड्यांत ताठ बसून, नाकाने, दम न कोंडता मिनिटाला सहा-सात श्वास असे पाच ते दहा मिनिटे पुरेत. भोवळ आल्यास थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. चुलीच्या धुरात किंवा दगडखाणीच्या धुळीत काम करणाऱ्यांनी दीर्घश्वसनास धूर-धुळीवरचा उतारा मानू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असणाऱ्यास तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीच्या तपासणीसाठी पाठवावे. श्वसनाचे वर्ग त्यानंतर.