सावित्रीमाईंची तीन पत्रे
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या क्रांतिबा जोतीराव फुल्यांची तसबीर आपल्या घरोघरी आहे. शेजारी सावित्रीमाईंचीही आहे. पण माईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे किती जणांनी वाचली? अशी तीन पत्रे मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात छापलेली आहेत.

१८४० साली लग्न झाले तेव्हा माई नऊ वर्षांच्या. त्यांना अक्षर दिले जोतीरावांनी. त्या अक्षराचे माईंनी काय केले, ते या पत्रांत दिसते.

पहिले पत्र १८५६ चे. आजारपणात माई माहेरी, नायगावला होत्या. भाऊ म्हणाला, तुम्ही दोघे महार-मांगांसाठी झटता म्हणून वाळीत पडलात, आता जातीच्या रीतीने वागा. माईंनी विचारले, अरे, तू गाई-शेळ्या कुरवाळतोस, नागपंचमीला सापाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ का? भाऊ वरमला. नवऱ्याची बाजू बायकोने माहेरात लढवली, बरं का! ते सोपे नसते.

दुसरे पत्र १८६८ चे, तेही नायगावचेच. गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा ही महाराची मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले. गाव त्यांना मारायला निघाले. माई धावत मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना वाचवले. मग त्यांनी त्या जोडप्याला जोतीरावांकडे पाठवले. "करू का?" असे विचारले नाही. केले आणि पुढची जबाबदारी नवऱ्यावर सोपवली.

तिसरे पत्र १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरहून. मोठा दुष्काळ होता. माणसे गाव सोडून चालली होती, गुरे मरत होती, सावकार सतावत होते. सत्यशोधक कार्यकर्त्यांना सरकारने पकडले, तेव्हा माई स्वतः कलेक्टरपुढे बोलल्या. कार्यकर्ते सुटले. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे पत्र समजावून सांगावे लागणार नाही. पुढे १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातही तोच नाडलेला शेतकरी आहे.

म्हणजे शिकवणारा एक आणि शिकणारी एक, असे हे नाते राहिले नाही. जोतीराव जिथे नव्हते, तिथले माईंनी पाहिले, निर्णय घेतला आणि कळवले.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे या. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. ऊस दोघे तोडतात, मोळ्या दोघे बांधतात. पण मुकादमाकडून उचल घेताना बायकोला किती जण विचारतात? हिशेबाची वही किती जणींच्या हातात असते? अर्धा कोयता तिचा, तर अर्धा शब्दही तिचा नको का?

माता-भगिनींनो, वही हातात घ्या. उचल किती, फिटली किती, आपल्या अक्षरात लिहा. बंधूंनो, ते लिहिलेले वाचा आणि माना. जोतीरावांनी मानले होते.

जयभीम!