डिशवॉशर आणि बोअरचं पाणी

परभणीतल्या काही स्वयंपाकघरांत आता डिशवॉशरही आलंय. त्याची ठरलेली तक्रार म्हणजे ताटं-पेले धुऊन निघतात, पण वर पांढुरका थर राहतो. लगेच यंत्राला दोष देऊ नका. आपला खडक बेसाल्टचा. त्यातून झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून जड असतं. डागावर लिंबाचा रस चोळून बघा. डाग गेला तर तो क्षार. काचेच्या पेल्यावरचा गेलाच नाही, तर काचच झिजलीय, तिला इलाज नाही.

क्षारावर उपाय म्हणजे यंत्रातल्या मिठाच्या कप्प्यात डिशवॉशरचंच मीठ भरा, स्वयंपाकाचं नको. पाण्याच्या जडपणाप्रमाणे सेटिंगही वाढवा. आपल्याकडे ते बहुधा कारखान्यातून आलं तसंच राहतं!

तळाशी पाणी साचतंय? आधी प्लग काढा. मग जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा. भाताची शितं आणि तेलकट मसाला तिथेच अडकतो. सांडपाण्याची नळी कुठे दुमडलीय का तेही पाहा. फिरत्या पात्यांची भोकं टाचणीने मोकळी करा.

पाणीच येत नसेल तर गच्चीवरची टाकी बघा. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब मिळतो. एकमजली घरात तो फारच कमी पडतो.

आणि ॲल्युमिनियमची कढई काळी पडली, तर तो बिघाड नव्हे. ती हातानेच घासा.