परवान्याबाहेरची बंदूक



वाशीम जिल्ह्याविषयी बोलण्याचे निमित्त निघाले म्हणजे वक्ता बहुधा वाकाटकांपासून आरंभ करतो, बालाजीच्या देवळापाशी घटकाभर थांबतो, पोहरादेवी, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंज्याचे गुरुमंदिर यांना यथाक्रम वंदन करतो आणि सोयाबीनच्या भावावर येऊन आपले भाषण आटोपते घेतो. हा शिरस्ता मोडून आज मी छर्ऱ्याच्या बंदुकीविषयी, म्हणजे जिला आता लहानथोर सगळेच एअरगन म्हणतात तिच्याविषयी, आणि तिचा छंद आपल्या मुलुखातील माणसांना प्रथम कसा जडला याविषयी बोलणार आहे. राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, नगरीत लावून दिला आणि तिला मदनाचे क्रीडास्थान म्हटले, हे ज्यांना स्मरत असेल त्यांना बंदुकीचा विषय येथे विजोड वाटेल; परंतु मदन हाही शेवटी नेमबाजच असल्यामुळे स्थानमाहात्म्यास काही बाध येतो असे मला वाटत नाही.

हा छंद शिकारीतून आला, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वऱ्हाडातल्या जुन्या देशमुखी वाड्यांच्या ओसरीवर काळविटाची शिंगे टांगलेली असत, दिवाणखान्यात दुनळी बंदूक असे, हिवाळ्यात साहेबाच्या मुक्कामाबरोबर रानात हाका उठत असे, हे सर्व खरे. पण तो षोक वाड्याच्या देवडीबाहेर कधी फारसा उतरला नाही, आणि त्याचे कारण लोकांच्या रुचीपेक्षा सरकारच्या दफ्तरात अधिक सापडते. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत 1878 या एकाच वर्षी हिंदी माणसाच्या दोन वस्तूंवर बंधने आली. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर मुद्रणाच्या कायद्याने आणि हत्यारांवर हत्यारांच्या कायद्याने. पहिला कायदा रिपनने येऊन रद्द केला; दुसरा मात्र स्वातंत्र्य मिळाल्यावरही बारा वर्षे पुस्तकात राहिला आणि 1959 साली त्याच्या जागी नवा कायदा आला, जो प्रत्यक्ष अंमलात 1 ऑक्टोबर 1962 पासून आला. राज्य बदलले, परवाना राहिला.

नव्या कायद्याने शेतकऱ्याची अगदीच उपेक्षा केली असे नाही. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल आणि गरज खरी असेल तर परवाना द्यावा, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे. पण परवाना म्हणजे अर्ज, अर्जावर चौकशी, चौकशीवर अहवाल आणि अहवालावर जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही. आणि ही सही आपल्यापासून किती दूर होती याचा विचार करावा. वाशीम हा वऱ्हाडातला एक स्वतंत्र जिल्हा होता, तो 1905 साली मोडून त्याचा बराच भाग अकोल्यात विलीन करण्यात आला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. म्हणजे मधली त्र्याण्णव वर्षे रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या कास्तकाराला बंदुकीसाठी सही हवी असेल तर ती अकोल्याहून आणावी लागे, आणि एवढे करून मिळालेली बंदूक निवडणुकीच्या दिवसांत ठाण्यात जमा करावी लागे ती वेगळीच. ज्याच्या मागे वाडा, वकील आणि वेळ होता त्याने बंदूक घेतली. बाकीच्यांनी गोफण ठेवली.

छर्ऱ्याची बंदूक आमच्याकडे रुजली ती या फटीतून. ती बारुदावर चालत नाही, दाबलेल्या हवेवर चालते, आणि तिचा मार बेताचा असेल तर कायदा तिला परवान्यातून वगळतो. 2016 च्या नियमांप्रमाणे नळीचे छिद्र 4.5 मिलिमीटरपेक्षा आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा अधिक नसेल, तर परवाना लागत नाही. सामान्य माणसाला, त्याच्या मास्तराला आणि त्याच्या मुलाला खांद्याशी लावता येईल अशी ही एकच बंदूक उरली होती, तेव्हा नेमाची जी काही हौस वऱ्हाडी माणसात होती ती सगळी तिच्याकडे वळली.

आता हवेची बंदूक म्हणजे मुळात पोरखेळ, असे मानणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या फौजेत जिरार्दोनी नावाच्या कारागिराने बनवलेली हवेची रायफल खरोखरच्या लढाईसाठी दिली जात होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असे आणि एकामागून एक वीसबावीस गोळ्या धुराशिवाय सुटत. पुढे काडतूस सुधारले तशी ती मागे पडली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बर्मिंगहॅमच्या व जर्मनीतील राश्टाटच्या कारखान्यांतून स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, खेळाची बंदूक बाहेर पडू लागली. राश्टाटच्या बंदुकीवर ‘डायना’ असे नाव असे. आपल्याकडे तशीच बंदूक बनवली ती मुंबईच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने, म्हणजे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी सिमेंटचे नळ घडवण्यासाठी काढलेल्या उद्योगाने. धरणाचे आणि गटाराचे नळ घडवणाऱ्या घराने बंदुकीची नळीही घडवावी, यात एक सुसंगती आहेच. ‘आयएचपी 35’ हे नाव उच्चारले की जुन्या शौकिनांचे डोळे अजूनही लकाकतात.

परंतु बंदूक बाजारात असणे निराळे आणि ती हातात येणे निराळे. ती प्रथम हातात आली जत्रेत. माघात रथसप्तमीला मालेगाव तालुक्यातील डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा भरते, मंगरुळपीरला बिरबलनाथ महाराजांची, आणि चैत्रात रामनवमीला पोहरादेवीला तर देशभरचा बंजारा समाज लोटतो. खरिपाचे पीक घरात आलेले असते, कापूस-तुरीचे चार पैसे हातात असतात, आणि पाळणे, मौत का कुआँ व रेवड्यांची दुकाने ओलांडून गेले की एका कडेला फुगेवाल्याचा फळा उभा असतो. ताणलेल्या कापडावर तांबडे, पिवळे, निळे फुगे रांगेने टाचलेले, त्यांच्यामध्ये दोऱ्यांनी लोंबणारी दोन-तीन नाणी, समोर कोपर टेकायला एक फळी, आणि फळीवर ती बंदूक.

ही बंदूक भरण्याचा विधी मुलाच्या आवाक्याबाहेरचा असतो, कारण आतली स्प्रिंग ताठ असते. फुगेवाला दस्ता मांडीला लावून नळी खाली मोडतो, तो खटका बसल्याचा आवाज येतो, मग डबीतून कमरेशी बारीक असलेला शिशाचा छर्रा दोन बोटांनी उचलून नळीच्या तोंडात अंगठ्याने दाबतो, नळी झटक्यात सरळ करतो आणि बंदूक आपल्याकडे न पाहताच पुढे करतो. पहिला छर्रा बहुधा कापडाला लागतो. याचे कारण पोराचा हात जितका असतो तितकीच ती बंदूकही असते, कारण वर्षभर गावोगाव आदळून तिची माशी बाजूला झुकलेली असते, आणि फुगेवाल्याला ती सरळ करण्याची विशेष घाई नसते. मुरलेला गडी म्हणून पहिला छर्रा फुगा फोडण्यासाठी खर्चच करत नाही. तो एखाद्या ठळक डागावर नेम धरतो, छर्रा कोठे बसला ते पाहतो, “ही डावीकडे मारते” असे शेजाऱ्याला बजावतो आणि मग उरलेल्या छर्ऱ्यांना तेवढे उजवे माप देऊन फुगे फोडू लागतो. फुगेवाला त्याच्याकडे पाहून हसतो आणि दुसरी बंदूक काढतो.

ज्याला हे एकदा साधले तो मग घरी स्वस्थ बसत नाही. आपल्या भागातील पुष्कळ हौशी लोकांच्या छंदाचे मूळ विचारले तर ते फुग्यांच्या फळ्यापाशी जाऊन थांबते. क्वचित कोणाच्या मामाकडे किंवा मास्तरांकडे माळ्यावर एखादी जुनी बंदूक असते आणि सुटीत तिला तेल पाजण्याचे काम भाच्याकडे येते. तेल पाजणे हे या छंदातले पहिले शास्त्र आहे. आतल्या दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो. तो वाळला की हवा निसटते आणि छर्रा नळीतच रेंगाळतो. दुसरे शास्त्र असे की रिकामी बंदूक उडवू नये, कारण पुढे छर्ऱ्याचा अडसर नसला की दट्ट्या जाऊन टोकावर आदळतो. आणि तिसरे, जे पुस्तकात वाचून कोणाला पटत नाही, ते असे की स्प्रिंगची बंदूक आवळून धरू नये. घोडा ओढताच आतला जड दट्ट्या पुढे धावतो, बंदूक आधी मागे आणि मग पुढे हलते, आणि एवढा सगळा गोंधळ छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच होऊन जातो. म्हणून तिला तळव्यावर नुसते टेकवून, हलेल तशी हलू द्यावी लागते. जो पहिलवान दस्ता मुठीत करकचून धरतो त्याचे छर्रे सर्वत्र जातात, आणि त्याची किडकिडीत धाकटी बहीण त्याच बंदुकीने पाचही छर्रे रुपयाएवढ्या जागेत बसवते. स्प्रिंगची बंदूक ही म्हणूनच महागड्या रायफलीपेक्षा कठोर शिक्षिका आहे, असे माझे मत आहे.

शेतीच्या राखणीत मात्र या बंदुकीने काही पराक्रम केला, असे मी म्हणणार नाही. ज्वारी होती तोवर मचाण होते, गोफण होती आणि पाखरांच्या थव्यावर ओरडण्यासाठी घरातली पोरे होती. ज्वारी गेली, सोयाबीन आणि तूर आली, आणि शत्रूही बदलला. आता रात्री जागलीला जायचे ते रोह्यांच्या कळपापायी आणि रानडुकरांपायी, आणि त्यांच्यापुढे छर्रा म्हणजे अपमानसुद्धा नव्हे. शिवाय नुसता जखमी झालेला प्राणी पिकाला अधिक उपद्रव करतो, आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा डोक्यावर आहे तो आहेच. कारंजा-सोहोळला ज्या काळविटांसाठी अभयारण्य राखले आहे ती काळविटे हद्दीची पर्वा न करता आपल्याच शेतात चरायला येतात, याबद्दल कास्तकाराचा संताप मी समजू शकतो. त्यावरचा इलाज या बंदुकीत नाही.

या छंदाची काळी बाजू लपवणेही बरे नाही. फुगे फोडून कंटाळलेल्या पोराच्या हातात दुपारच्या वेळी बंदूक राहिली की ती निंबावरच्या होल्याकडे वळते, खारीकडे वळते, तितराकडे वळते. बिनपरवान्याची म्हणून जी स्वस्त व मोकळी, तीच पाखरांच्या दृष्टीने सर्वांत घातक. अरुणाचल प्रदेशात तर मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग येथे लोकांनी आपल्या एअरगन सरकारजमा कराव्यात अशी मोहीमच निघाली, आणि गावकऱ्यांनी त्या आणून दिल्याही. आपल्याकडे असे काही झाले नाही. पण एका पिढीने खेळ म्हणून पाखरे मारली आणि पुढची पिढी कागदावर नेम धरू लागली, हा पालट येथेही हळूहळू घडला आहे, आणि या छंदाला छंद म्हणावे ते खऱ्या अर्थाने या पालटानंतरच, असे मला वाटते.

कागदाचा रस्ता पुष्कळांना एनसीसीने दाखवला. महाविद्यालयात खाकी अंगावर चढली की केव्हा तरी पॉइंट टू टू रायफल हातात येई. मुंबईच्या अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, याच वाटेने नेमबाजीत आल्या, आणि 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. ही 10 मीटरची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये 1984 साली लॉस एंजलिसला आली, हे लक्षात घेतले म्हणजे जत्रेतल्या बंदुकीला एवढी प्रतिष्ठा किती अलीकडे लाभली ते ध्यानात येईल. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. 2022 मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला तोही यातच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांनी नाव कमावले ते 50 मीटरच्या, काडतुसाच्या रायफलीने. पण गावाकडचा पोरगा या खेळात कुठवर जाऊ शकतो हे 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधल्या स्वप्नीलच्या कांस्यपदकाने आमच्या भागातल्या पालकांना जितके पटले तितके दुसऱ्या कशाने पटले नसेल.

10 मीटरच्या स्पर्धेतला कागद एकदा हातात घेऊन पाहावा. सगळी वर्तुळे मिळून त्याचा व्यास 45.5 मिलिमीटर, म्हणजे चहाच्या लहान पेल्याच्या बुडाएवढा. मध्यभागी दहा गुणांचा ठिपका, तो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि त्यावर येऊन बसणारा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, तेव्हा नेम बरोबर लागला की ठिपका दिसेनासाच होतो. नेमबाजाला 10 मीटरवरून तो ठिपका दिसतही नाही. त्याला दिसतो तो नुसता काळा गोल, आणि तो गोल आपल्या श्वासाबरोबर व नाडीबरोबर डोलत असतो. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, डोलणे मंदावले की घोड्यावरचा दाब वाढवायचा, आणि मनासारखे जमले नाही तर रायफल खाली घेऊन पुन्हा आरंभ करायचा. असे साठ वेळा.

अडचण आहे ती पैशाची. स्पर्धेची रायफल परदेशी बनावटीची असते आणि तिची किंमत लाखांत जाते. पुण्याच्या बालेवाडीला राज्याचे संकुल आहे, ते वाशीमहून रात्रभराच्या प्रवासावर. पण आरंभ करण्यापुरते पाहिले तर हा खेळ मैदान मागत नाही. कोणत्याही तालुक्याच्या शाळेत वर्गांपुढे दहा-बारा मीटरचा व्हरांडा निघतोच. त्याच्या एका टोकाला छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, दुसऱ्या टोकाला एक टेबल, डोळ्यांना चष्मे, आणि नळी भरलेली असताना रेषेपुढे कोणी पाऊल टाकणार नाही एवढी शिस्त असली की पुरते. शालेय स्पर्धांत नेमबाजीचा समावेश आहे, आणि तिच्यासाठी मुलाचा अर्ज आपल्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत, वाशीममध्येच, द्यायचा असतो. अकोल्याला जावे लागत नाही.